गाठीखालची छाटणी

प्रिय धाकट्या,

तुझं निमंत्रण पोचलं. येत्या रविवारी बागप्रेमींना बोलावून तू बाबांच्या झाडाची फळं कापणार, आणि मी दोन शब्द बोलावेत म्हणतोस. चार वर्षांत एक फोन नाही, आणि आता भाषणाला ताई हवी!

फोटो पाहिला. काय माजलंय झाड! भिंतीच्या वर गेलंय, बोटभर काटे आलेत. फळं लिंबाएवढी, तर म्हणे यंदा आकार वाढलाय. अरे, बाबांचं झाड माझ्या खांद्याला लागायचं. बारमाही हिरवंगार, वर बोराएवढी संत्री, सालीसकट खायची. तिन्ही बाजूंनी भिंत, वारा लागत नाही, म्हणून त्यांनी ते मागच्या अंगणात लावलं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा सहा वर्षं मी त्यांचंही केलं आणि झाडाचंही. तू यायचास, फळं तोडून न्यायचास. पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवायचंसुद्धा तुझ्या जिवावर यायचं.

ते गेले, घर तुझ्या नावावर झालं. त्याचं मला काही नाही. मी मागितली ती एक फांदी, कलमापुरती. तू बायकोसमोर म्हणालास, "झाड घराचं आहे. फांदीबिंदी मिळणार नाही. जाता जाता छाटणी तेवढी करून जा." पगारी माळ्याला सांगावं तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी करवत घेतली.

आता नीट वाच. ते झाड कलमी होतं. खाली जंगली लिंबाचा खुंट, वर बाबांचं संत्रं, मध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाची गाठ. गाठीच्या खाली हत्यार लावायचं नाही, हे बाबांनी तुलाही शंभरदा सांगितलं होतं, पण तुझं लक्ष कुठे? मी गाठीच्या खालीच कापलं; त्यानंतर फुटून वर आलंय ते नुसतं खुंटाचं जंगली लिंबू. सगळ्या फांद्या पोत्यात भरून तुझ्या डोळ्यांदेखत नेल्या. तू पेपरातून मान वर न करता म्हणालास, कचरा नेतेस ते बरं झालं. त्या कचऱ्याची माझ्या गच्चीवर आज नऊ झाडं आहेत, आणि सगळी फळांनी लगडलीत.

हे पत्र मी मुद्दाम उशिरा पोस्टात टाकतेय, म्हणजे तुला ते सोमवारी मिळेल. तोवर चार जाणत्या माणसांनी तुझं फळ तोंडात घालून एकमेकांकडे पाहिलेलं असेल. आता बाबांचं झाड हवं असेल, तर माझं दार वाजवावं लागेल. ये. एक फांदी माग. मी देणार नाही, धाकट्या. मला तुला मागताना बघायचंय.

तुझीच, काय करणार,
ताई