चतुर्थीला दुकान बंद

आई, या वर्षी गणेश चतुर्थीला मी दुकान बंद ठेवलं. आधी खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं ऐक. अर्धवट नाही, सकाळी उघडून दुपारी बंद असंही नाही. अख्खा दिवस शटर खाली. तू असतीस तर पदर खोचून म्हणाली असतीस, "डोकं फिरलंय का तुझं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच शटर वर केलं असतंस. तुला जाऊन आता तप उलटून गेलं, तरी दुकानातला कुठलाही निर्णय घेताना मी आधी तुझ्याशी भांडून घेते. बरेचदा तूच जिंकतेस. या वेळी मात्र मी ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही ते नीट सांगायचं म्हणून बसलेय.

आपलं पोळी-भाजी केंद्र तसंच आहे. डोंबिवली पूर्वेला तोच गाळा, तोच दरवाजाजवळचा तवा, फक्त आता पोळ्या लाटायला तिघीजणी आहेत आणि भाजी कळव्याच्या मावशी बघतात. त्यांना तू पाहिलेलं नाहीस. मीठ सांभाळून टाकतात आणि तोंड अजिबात सांभाळत नाहीत, तुझं छान जमलं असतं. चतुर्थीच्या मोदकांच्या ऑर्डरी तर तुझ्या काळापेक्षा वाढल्यात. माजिवड्याच्या टॉवरमधून लोक गाडी घेऊन येतात आणि रांगेत उभं राहून फोनवर बोलत बसतात. आदल्या रात्रीपासून नारळ खवणं, पहाटे उकड, मग दुपार टळेपर्यंत कळ्या पाडणं. सगळ्या डोंबिवलीच्या बाप्पांना आम्ही जेवू घालतो आणि आमच्या पाचजणींच्या घरचे बाप्पा ताटकळत बसलेले असतात. बाबा हसत म्हणायचे ना, तुझी आई लष्कराच्या भाकऱ्या भाजायला गेलीय. तू त्यावर चिडायचीही नाहीस. तुझी म्हणच वेगळी होती, आधी गिऱ्हाईक, मग पोटोबा, मग विठोबा.

मला ते वर्ष आठवतंय. मी शाळेत होते. आपल्या घरच्या नैवेद्याचे मोदक तू वेगळ्या डब्यात झाकून ठेवले होतेस आणि दुकान बंद करता करता कोणीतरी घामाघूम होऊन आलं, त्यांच्या घरचे मोदक फुटले म्हणून. तू एका क्षणात तो डबा उचलून त्यांच्या हातात दिलास. घरी आम्ही जेवायचे थांबलोय. बाबांनी सोवळं नेसलंय, निरांजन दोनदा विझून झालंय, आणि तू दारात रिकाम्या हाताने उभी आहेस, चेहऱ्यावर अपराधी भाव वगैरे काही नाही. बाबांनी गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मी फुगून बसले तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालीस, "बाप्पाला गूळखोबरं चालतं गं. गिऱ्हाइकाला चालत नाही." सगळे हसलो. मीही हसले. किती तरी वर्षं मी हे वाक्य दुकानात कौतुकाने सांगत आले, माझी आई बघा कशी होती म्हणून.

गेल्या वर्षी मात्र ते वाक्य माझ्या घशात अडकलं. झालं असं, की चतुर्थीच्या दुपारी मोदकपात्रातून वाफ येतेय, आम्ही सगळ्या ओट्याभोवती उभ्या, आणि कळव्याच्या मावशींचा फोन वाजला. त्यांच्या सुनेने आरतीला व्हिडिओ कॉल लावला होता. मावशींनी फोन सारणाच्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. मग आम्हीही वाजवायला लागलो. पाचजणी एका एवढ्याशा पडद्यातल्या गणपतीसमोर आरती म्हणतोय, मध्येच रेंज जातेय, बाप्पा थिजतोय, हसून हसून पुरेवाट. आरती संपली, सुनेने विचारलं, आई नैवेद्याला काय दाखवू. मावशी म्हणाल्या, साखर दाखव, मी आल्यावर बघू. असं म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा मोदक वळायला घेतला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना काही वाटलंही नाही आणि मला एकदम रडू यायला लागलं. तुझ्या वेळी तू एकटी राबत होतीस, स्वतःच्या मर्जीने. मी चार बायकांना त्यांच्या घरच्या सणातून उठवून आणत होते, आणि ते माझ्या मर्जीने.

त्यात तुझ्या नातीने तेल ओतलं. ती आता कॉलेजात आहे आणि मोबाईलवर कोणाकोणाची जगावं कसं यावरची भाषणं ऐकते. एका रविवारी मी वाटाणे सोलत होते तर समोर बसून म्हणते, आई, तुझ्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी सांग. मी म्हटलं, घरची माणसं, देवधर्म आणि चार लोकांना चांगलं खाऊ घालणं. मग म्हणाली, काल दिवसभरात यातलं काय काय केलंस? मी म्हटलं, गवार निवडली. ती हसली, पण तिने विषय सोडला नाही, तुझ्यासारखीच चिवट आहे. घरच्या माणसांशी काल मी काय बोलले होते ते मला खरंच आठवेना. गॅसवाला आला का, एवढंच विचारलं होतं बहुतेक. महत्त्वाचं म्हणून मी जे सांगितलं आणि रोज मी जे करते, त्यांची कधी गाठच पडत नव्हती. तिसरी गोष्ट पहिल्या दोघींचं ताट ओढून जेवत होती. भाषण ऐकायला मला वेळ नाही, पण पोरीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मग श्रावण लागायच्या आधीच मी पाटी लावली, चतुर्थीला दुकान बंद, आमच्याही घरी गणपती असतो. आपल्या बायकांना आधी सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. मावशींना वाटलं मी गाळा विकतेय. एकीला वाटलं माझ्या तब्येतीचं काहीतरी निघालंय आणि मी लपवतेय. पगार तेवढाच राहील असं शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. गिऱ्हाइकांनी मात्र चांगलंच झोडपलं. मग आम्ही मोदक कुठून आणायचे, हे मला इतक्या लोकांनी विचारलं, की जसं काही मीच बाप्पाला आवतण दिलंय. मी सांगायचे, सारण आणि पिठी आदल्या दिवशी तयार मिळेल, उकड घरी काढा, बघा जमतं का. काहींना गंमत वाटली. एका घराने रागाने रोजच्या पोळ्याही बंद केल्या, ते अजून परत आलेले नाहीत. तेही सहन केलं.

पण एका माणसाचं काय करायचं ते कळत नव्हतं, रामनगरच्या काकूंचं. तुझ्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी त्या. त्यांचा हात मोडला होता त्या वर्षी तू मोदकांचा डबा घेऊन त्यांच्या दारात गेलीस आणि परस्पर वचनच देऊन आलीस, की माझं दुकान आहे तोवर तुमच्या बाप्पाला मोदक माझेच. हात बरा झाला तरी तू जायची थांबली नाहीस. मग तू गेलीस आणि तो डबा मी न्यायला लागले. ते तीन जिने चढून, घरची आरती खोळंबलेली असताना. काकू आता अगदी थकल्यात, मुलगा तिकडे परदेशात. दुकान बंद ठेवायचं म्हणजे तुझं वचन मोडायचं. बाकी सगळं जग रुसलं तरी चालेल, पण हे माझ्याच्याने होईना. घरी करून त्यांना नेऊन देऊ का, असंही मनात आलं, पण तेही परत तेच झालं असतं, आरती सोडून मी जिन्यावर. शेवटी ठरवलं, जे काही आहे ते तोंडावर सांगायचं, बोलणी खायची आणि मोकळं व्हायचं.

एका दुपारी गेले. काकू वाती वळत बसल्या होत्या. मी चहाही घेतला नाही आणि एका दमात सगळं बोलून टाकलं, मावशींच्या फोनपासून ते तुझ्या वचनापर्यंत. शेवटी म्हटलं, काकू, यंदा मोदक नाही आणता येणार, मला माफ करा. काकूंनी हातातली वात खाली ठेवली. मग त्यांना हसू फुटलं. इतकं, की ठसका लागला आणि मी पाठ चोळायला उठले.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या बाप्पाला तळणीचेच मोदक लागतात. माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून."

मी म्हटलं, "मग आमचे?"

"तुमचे पहिल्या मजल्यावर जातात. तिथली पोरं वाट बघत असतात दर वर्षी."

मी म्हटलं, काकू, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, कशी बोलणार? आई, त्यांचा हात मोडायच्या आधी तुझ्या दुकानात एकदा तळणीच्या मोदकांचा विषय निघाला होता आणि तू सगळ्यांसमोर ठणकावलं होतंस, मोदक म्हणजे उकडीचे, बाकीची सगळी करंजीची भावंडं. हे तू म्हणाली असशीलच, मला शपथेची गरज नाही. तुझ्या कोकणाबाहेर गणपती जेवतो हे तुला कधी पटलं नाही. "आणि मग ती स्वतः दारात उभी," काकू म्हणाल्या, "घामाने निथळलेली, डबा पुढे करून. तिला नको म्हणायला माझं तोंड उघडेना. मीच दर वर्षी म्हणायचे, बाई, आजच्या दिवस तरी घरी जा. तिला वाटायचं मी भिडेखातर म्हणते."

जिना उतरताना मी मोठ्याने हसत होते, वॉचमन बघायला लागला. आणि खालच्या पायरीवर येईपर्यंत हसता हसता डोळे भरून आले. तू धापा टाकत ते जिने चढत होतीस, आणि वर काकू तुझा डबा घेऊन तुझ्यावरच्या मायेने गप्प बसत होत्या. दोघींनी एकमेकींसाठी केवढं केलं! तुझा राग आला, खूप आला. एकदा विचारलं असतंस, तुमच्याकडे काय चालतं, तर आपल्या किती आरत्या वेळेवर झाल्या असत्या. मग वाटलं, मी तरी कुठे विचारलं? तू लावून दिलेल्या वाटेने मी डबा घेऊन चालत राहिले आणि त्यालाच वचन पाळणं म्हणत राहिले.

चतुर्थीला सवयीने पहाटेच जाग आली आणि करायला काही नाही! तुझ्या जावयाने चहा केला, तो मी गरम असताना प्यायले. मग निवांत उकड काढली. तुझी नात शेजारी बसून कळ्या पाडत होती, तिचे मोदक लसणाच्या गड्ड्यासारखे दिसत होते, पण फुटला एकही नाही. अधूनमधून फोन, ताई उकडीला भेगा जातायत, ताई सारण बाहेर येतंय. शेवटी तुझ्या जावयाने फोन काढून घेतला आणि तोच सांगायला लागला, तेलाचा हात लावा, तेलाचा हात लावा. त्याने आयुष्यात एक मोदक वळलेला नाही. भर दुपारच्या आत आरती झाली. बाबांनी शेवटच्या वर्षांत त्यांचा गणपती माझ्याकडे सोपवला, त्यानंतर पहिल्यांदा त्याच्यापुढे वाफाळता नैवेद्य होता आणि मी तिथे होते. कळव्याहून मावशींचा फोटो आला. जरीची साडी, हातात आरतीचं ताट, सगळ्यांच्या पुढे उभ्या. संध्याकाळी काकू रिक्षा करून आल्या आणि पिशवीतून तळणीचे मोदक काढले. खुसखुशीत होते गं. मी चार खाल्ले.

इथवर लिहिलेलं हे सगळं मी दुकानातल्या तुझ्या फोटोपुढे उभं राहून वाचून दाखवणार होते. काल सकाळी लवकर जाऊन उदबत्तीही लावली, चष्मा घातला, पहिलं पान जोरात वाचलं. पण वाचता वाचता काकूंच्या घरच्या गोष्टीपाशी आले आणि पुढे वाचवेना. तू दर वर्षी तो डबा देऊन परत यायचीस तेव्हा पाय सुजलेले असायचे आणि चेहरा मात्र असा फुललेला असायचा, की आमची बोलणी तिथेच विरघळायची. कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. तेवढ्यात मावशी आल्या. कांदा चिरता चिरता त्यांनी विचारलं, यंदा मोदक गेले नाहीत, तर त्या रामनगरच्या काकूंना वाईट वाटलं असेल ना? मी म्हटलं, खूप वाटलं, म्हणाल्या, तुझ्या आईच्या घरच्या मोदकांशिवाय आमचा बाप्पा पहिला घासच घेत नाही. चक्क खोटं बोलले, तेही तुझ्या फोटोकडे बघून, आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलेलं नाही.