जास्त झोपलेलं टेम्पे

आदरणीय सामिदीदादांस,

धाकट्या पार्दियोचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ज्यावर बसून लिहितोय तो बाक मी केला, सोयाबीन भिजवायचं टाकं मी बांधलं, सालं काढायचं यंत्र सायकलच्या दोन चाकांतून (तिसऱ्या खेपेला) मीच जुळवलं आणि सोयाबीन आंबवून टेम्पेच्या वड्या जमवायचं विरजणही मीच झाडाच्या पानांवर धरतो. कुणी शिकवलं नाही. म्हणून तर दाईबाईंचं बोलणं लागलं.

दर महिन्याला मुलांची वजनं होतात, तिथं आपली लारास (माझी नात, दीड वर्षाची) तीन महिने आठ किलोंवरच झुलतेय. दाईबाई म्हणाल्या, "नुसता भात खाते ना? भातात लायसिन कमी, प्रथिनातला एक घटक. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं." (एवढं मोठं शरीर, आणि एवढंसं बनवता येऊ नये!) मी विचारलं, कशात असतं? "सोयाबीनमध्ये भरपूर. म्हणजे तुमच्या टेम्पेत, पाकदे काका."

बाया खिदळल्या. "टेम्पेवाल्याची नात, अन् टेम्पे थुंकते!"

मी अंगठ्याएवढी टेम्पे बांधली. तीही तिनं थुंकली. माझी बायको म्हणाली, "तुमच्या टेम्पेला शिस्त आहे हो, चव कुठाय?"

पुढची खेप पांघरुणाखाली निजवली आणि मलाच ताप भरला. दोन दिवस ग्लानीत होतो. दाण्यांवर पांढरं धुकं चढत होतं, त्या मऊ ढगावर लारास बसली होती आणि दाणे एकमेकांचे हात धरून तिच्या ताटलीकडे निघाले होते. फार बरं वाटत होतं. जागा झालो तर टेम्पे काळवंडलेलं, उग्र वासाचं. (माझ्या मालाला कुणी हात लावायचा नाही, हा नियम माझाच, म्हणून पांघरूण कुणी काढलं नव्हतं.) असलं टेम्पे मी वीस वर्षं फेकत आलोय. बायकोनं ते मला न विचारता उकडलं, नारळाच्या दुधात कुस्करलं, मिरची वगळली. पोरीनं वाटी चाटली. रोज मागते. या महिन्यात चारशे ग्रॅम वाढली, दादा!

आपला,
पार्दियो

ता. क. ती खेप संपत आली; आता मुद्दाम बिघडवायला जातो, तर जमत नाही. मधेच जाग येते आणि पांघरूण काढून टाकतो. तुमचं टेम्पे दर खेपेला बिघडायचं, मी चारचौघांत हसायचो. ते कसं करायचात, तासांसकट कळवा.

ता. क. दुसरा. खानावळवाल्या सुमिराहबाईंनी वास घेतला आणि बिघडलेला सगळा माल मागितला. घरात पोर खाणारी आहे म्हणून मी नाही म्हटलं. महिन्याला वीस लाख रुपिया देत होत्या. चांगल्या टेम्पेला मला आजवर कुणी बारा लाखांवर दिले नाहीत.