जुईचा उजवा पाय

१ नोव्हेंबर, शनिवार
जुईच्या उजव्या बुटाला तिसरं ठिगळ. मेट्रो स्टेशनखालचा मोची टायरचा तुकडा चिकटवता चिकटवता म्हणाला, "मॅडमजी, बच्ची चलती है या घिसटती है?" वरून हसले, आतून छाती फुगली. वर्षभराची मेहनत आहे ती. सॉफ्टबॉलमध्ये पिच, म्हणजे बॅटरकडे बॉल, टाकताना मागचा पाय जमिनीवरून सुटायचा नाही, अंगठा घासत पुढे यायचा. सुटला की इलीगल पिच. मागच्या दिवाळीत पोट्टी सॉफ्टबॉलला लागली तेव्हा प्रत्येक बॉलला दोन्ही पाय हवेत. ती उडी मी मोडली. रोज सकाळी पाऊण तास, खाली पार्किंगमध्ये. तेरा वर्षांच्या मुलीत एवढी शिस्त आमच्या अख्ख्या मानसरोवर कॉलनीत दाखवा कोणी.

५ नोव्हें., बुध.
आजही बॉल झेलायला, कॅचर म्हणून, हेच, जुईचे बाबा. उलट्या बादलीवर बसून, स्कूटरचं हेल्मेट घालून. शेजारच्या मिश्राजींनी फोटो काढला.
जु.चा वेग वाढत नाही. म्हणे, "आई, मतलब पाय खाली ठेवला ना, तर जोर पण खालीच राहतो." मी म्हटलं, कारणं नकोत. ७ डिसेंबरला जिल्ह्याच्या चौदाखालच्या मुलींची निवड आहे, पिचर दोनच घेणार.
तिला काय माहीत. माझी युनिव्हर्सिटीची फायनल, शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, त्यांची धावणारी तिसऱ्या बेसवर. मी बॉल टाकला आणि अंपायरचा हात वर. दोन्ही पाय हवेत. इलीगलला एक बेस फुकट, ती पोरगी चालत होमवर आली, आम्ही हरलो. बसमध्ये अमरावतीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. जु.वर ही पाळी येऊ देणार नाही, बस.

९ नोव्हें., रवि.
लीगची मॅच, आदर्श नगरच्या टीमशी. जु.ने तीन इनिंग टाकल्या. चौदाखालच्यांना तेवढ्याच, मग खांद्याला विश्रांती, हा लीगचा नियम. चार वॉक दिले, म्हणजे चौघींना पहिला बेस फुकट, पण इलीगल एकही नाही. हे मी निदान पाच जणांना सांगितलं असेल.
त्यांची पिचर उंच मुलगी, प्रत्येक बॉलला उडी. मला राहवेना. इनिंग संपल्यावर थेट अंपायरकडे गेले. निधी नावाची चोविसेक वर्षांची पोरगी आहे. शांतपणे म्हणाली, "आंटी, लीप अब चलता है. रीप्लांट नहीं चलता." म्हणजे हवेत गेलात तर चालेल, पण मधे पाय टेकवून पुन्हा रेटा द्यायचा नाही. मी म्हटलं, मैं खुद यूनिवर्सिटी खेली हूँ. सगळे बघत होते. तिने मोबाइलवर नियमाचं पान पुढे केलं. मी चष्मा नाही म्हणाले. चष्मा पर्समध्येच होता.

१० नोव्हें., सोम.
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते पान वाचलं. तीनदा. निधी बरोबर आहे. जु. खेळायला लागली तेव्हाही हाच नियम होता. म्हणजे माझ्या मुलीची उडी पहिल्या दिवसापासून...
डबा तसाच परत आणला.

१२ नोव्हें.
सांगितलं नाही. तिची उद्या गणिताची टेस्ट आहे म्हणून.

१३ नोव्हें.
टेस्ट झाली. तरी नाही सांगितलं. सकाळी ती अंगठा घासत होती आणि मी बाजूला उभी राहून "छान" म्हणत होते. लाज वाटते लिहायला. ह्यांना सांगितलं, तर हेल्मेट काढून एवढंच म्हणाले, "तिला तू सांग. मी नाही सांगणार."

१५ नोव्हें., शनि.
सांगितलं. पोहे खाता खाता.
"मतलब, माझी पहिली वाली उडी बरोबर होती?"
हो.
"आणि तुला माहीत नव्हतं?"
नव्हतं. मी माझ्या वेळचाच नियम धरून बसले. विचारायला हवं होतं.
रडली असती तर बरं. बशी सिंकमध्ये ठेवली आणि म्हणाली, "तू तर बोलायचीस की नियम मला झोपेत पण पाठ आहेत." खाली जाऊन बादलीवर बसून राहिली. मी बाल्कनीतून बघत होते. चुकले बाप्पा, चुकले. माफी मागितली, पण वर्ष कुठून आणून देऊ?

१८ नोव्हें., मंगळ.
जु.ने स्वतः निधीला फोन केला. आता शाळेनंतर ग्राउंडवर तिच्याकडे शिकणार. मला म्हणाली, "तू सोड आणि घ्यायला ये फक्त." बरं. स्कूटरवर सोडलं, जाळीबाहेर उभी राहिले. एकही सूचना दिली नाही, जीभ चावून. वाईट वाटलं. पण खोटं कशाला, अभिमानही वाटला. ह्या वयात मी माझ्या सरांसमोर ब्र काढला नसता.

२३ नोव्हें., रवि.
उडी परत येतेय, वेगही. पण जाळीबाहेरून मला दिसलं ते निधीला दिसलं नाही. हवेत गेल्यावर जु.चा उजवा अंगठा मधेच जमीन शोधतो, टेकतो, आणि तिथून रेटा. तेच ते रीप्लांट, इलीगलच. वर्षभर जमिनीशी बांधून ठेवलेला पाय, आणखी काय करेल. मला विचारतंय कोण.

२४ नोव्हें., सोम.
जु. आज स्वतःच आली. "निधी दीदी बोलली काहीतरी गडबड आहे, पण पाय काय करतो ते पकडता नाही येत तिला. तू बघ ना. तुला पाय दिसतात."
सहा दिवसांनी पहिलं वाक्य. ऑफिसच्या कपड्यांतच पार्किंगमध्ये पालथी पडले, गाल पेव्हर ब्लॉकला लावून. वॉचमन धावत आला, "भाभीजी, कुछ गिर गया क्या?" जु. खो खो हसली. मी म्हटलं, हो, गिर गया, वही ढूँढ रही हूँ.
टेकतोय. दहात सात वेळा.

२९ नोव्हें., शनि.
युक्ती सापडली. दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी, ती उभी राहून बॉल टाकते त्या प्लेटच्या पुढे चाळणीने पसरायची. पाय ओढला की लांब रेघ उमटते. मधे टेकवला की अंगठ्याचा डाग. खरी उडी असेल तर मधली जागा कोरी. बॉल टाकला की आम्ही दोघी वाकून बघतो. मिश्रावहिनी विचारत होत्या कसली पूजा चाललीय.
आज सहा बॉल कोरे. एकाची जागा वितेने मोजली, दीड वीत. एवढं अंतर माझी मुलगी हवेत होती. ह्यांना बादलीवरून उठवून दाखवलं.

५ डिसें., शुक्र.
दहात आठ कोरे. दोन डाग. थंडी वाढली, सकाळी बोटं आखडतात. ती म्हणते, "दोन पण खूप आहेत, आई." मला माहीत आहे.

७ डिसें., रवि.
निवड झाली. जसं झालं तसं लिहिते.
प्रत्येक पिचरला तीन बॅटर. जु.चा नंबर नववा. पहिल्याच बॉलला अंपायरचा हात वर. इलीगल. रीप्लांट. तोच हात. ह्यांनी माझं कोपर धरलं. मला त्या दिवशी त्यानंतर आणखी एक बॉल मिळाला नव्हता.
जु.ने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकली, प्लेटपुढची माती बुटाने सारखी केली. आम्ही रांगोळी सारखी करतो तशीच. मग टाकला. उडी, मधे काही नाही. आणखी एक. पहिली बॅटर बाद. दुसरीने मारला, झेलबाद. तिसरी ती आदर्श नगरची उंच पोरगी, पिचिंगला तिचीही दावेदारी. दोन स्ट्राइक झाले आणि ती वेगाला सरावली, बॅट लवकर फिरवायला लागली. तेव्हा जु.ने अंगठा घासत, सावकाश एक बॉल टाकला. जुना. बॅट अर्धी फिरून गेली तेव्हा बॉल अजून वाटेतच होता. स्ट्राइक तीन, बाद.
पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, "तुझा वाला टाकला." आणि परत गेली.
मी जाळीला धरून रडले. खुशाल रडले. निधीने तिकडून शाबासकीचा अंगठा वर केला.

१० डिसें., बुध.
यादी लागलेली नाही. कोणी म्हणतं शुक्रवारी, कोणी म्हणतं पुढच्या आठवड्यात. इलीगल एक गेला, ते धरतील का कोण जाणे. निधी म्हणते, हळू बॉलची चाल वेगळी दिसते, पुढे मोठ्या बॅटर ओळखतील, त्यावर काम लागेल. खरंय तिचं. आता मी नियमाचं पान दर महिन्याला वाचणार, चष्मा लावून.
संध्याकाळी जु.ला नवे बूट घेतले. मी दुकानातच म्हटलं, आता ह्यांना ठिगळ नको. ती मला ओढत मोच्याकडे घेऊन गेली, उजवा बूट काढून त्याच्यापुढे ठेवला. "भैया, थोड़ा सा लगा दो." मी बघत राहिले, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा वाला पण टाकायचा असतो ना कधी कधी."