घरटी एक तांब्या ताक

आबा, तुमच्या तालमीची अध्यक्ष आता मी आहे. पेठ सुधारली म्हणून मला निवडलं असं समजू नका. तालमीत दोन पक्षांचे दोन गट आहेत, दोघांनाही एकमेकांचा माणूस नको होता, आणि शाळेतून निवृत्त झालेली वस्तादांची पोरगी कुणाच्याच अध्यातमध्यात नाही, म्हणून ही माळ माझ्या गळ्यात पडली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही माती मळायचात, तो दिवस मला अजून दिसतो. तांबडी माती चाळून कुस्तीच्या हौद्यात पसरलेली आहे, तिच्यात ताकाबरोबर घालायला हळद, लिंबू, तेल, कापूर बाजूला काढून ठेवलंय, आणि दारात पेठेतल्या बायका ताक घेऊन रांगेत उभ्या आहेत. घरटी एक तांब्या, हा तुमचा नियम. दहा म्हशी असणाऱ्याचा एक आणि धुणीभांडी करणारीचाही एकच. मी उंबऱ्याबाहेरून तांबे आत द्यायची, कारण बाईमाणसानं हौद्यात उतरायचं नाही, हाही तुमचाच नियम. त्या वर्षी निवडणूक होती. एका उमेदवाराची जीप आली, पुढं झेंडा, मागं ताकाचे कॅन. तुम्ही त्यातलं एक तांब्या ताक घेतलंत आणि म्हणालात, "पावणं, तुमच्या घरचं पोचलं. बाकीचं न्या माघारी." तो म्हणाला, "आवं वस्ताद, निवडणुकीसाठी न्हाय, तालमीच्या प्रेमापोटी आणलंय." तुम्ही म्हणालात, "मग निकालानंतर आणा की. प्रेम काय नासतंय व्हय?" तो काही परत आला नाही. आई घरी तुमच्यावर चांगलीच घसरली, "तुमचा ताठा काय पोरांनी चाटायचा हाय?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "एका घरचं ताक जास्त झालं की माती त्या घरची होती." मला तेव्हा आईचंच पटलं होतं.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली, आणि समोरासमोर उभे राहिलेले दोघंही आपल्याच तालमीतले, लहानपणी तुमचा मार खाल्लेले. आता तालमीत मुलीही कुस्ती शिकतात, आबा. मागच्या खोलीत जुन्या गाद्या अंथरून त्यांचा सराव चालायचा, आणि स्पर्धा तर मॅटवर होतात. एका सकाळी टेम्पोतून कोरी मॅट उतरली. कुणी दिली म्हणून विचारलं तर उत्तर आलं, एका हितचिंतकानं. हितचिंतक कुठल्या उमेदवाराचा, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. पोरी मॅटवरून हात फिरवून बघत होत्या, तोवर दुसऱ्या गटानं तक्रार ठोकली आणि निवडणुकीच्या खर्चावर नजर ठेवणारं सरकारी पथक कॅमेरा घेऊन दारात हजर.

मग जुंपली. "ही मॅट त्याच्या प्रचाराच्या खर्चात धरा," एका बाजूनं. "गणपतीत तुमच्या साहेबानं मांडव घातला, तवा कुठं गेलता नियम?" दुसऱ्या बाजूनं. "मग देणाऱ्याचं नाव सांगा की." "सांगितल्यावर तुमची माणसं त्याला धंदा करू देतील व्हय?" पथकातला साहेब बिचारा मान इकडून तिकडं फिरवून दमला. मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. पैसा कुणाचा हे लोकांना कळलं पाहिजे, आणि कळलं की देणाऱ्याच्या मागं लोक हात धुऊन लागतात, हेही खोटं नाही. पण नियम ज्याला त्याला समोरच्यासाठीच पाहिजे होता. शेवटी तक्रारवाला गट वेगळी तालीम काढायची भाषा करायला लागला. तुमची तालीम माझ्या हातून फुटली असती तर मी काय करणार होते?

पथकाला मी माहीत होतं तेवढं सरळ सांगितलं आणि मॅट माघारी पाठवली. बैठक बोलावली. निकाल लागेपर्यंत कुणाचंही काही घ्यायचं नाही, नंतर घरटी सारखी वर्गणी काढून मॅट आणायची, असं ठरवलं. तेव्हा एक रिक्षावाल्याची पोरगी उभी राहिली. "काकू, आमची स्पर्धा तोंडावर आलीय. त्या जुन्या गाद्या तर पायाखालून सरकतात. तुमच्या राजकारणात आम्ही सराव कुठं करायचा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हौद्यात." आणि इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट एका झटक्यात एक झाले, माझ्याविरुद्ध. "मारुतीसमोर? वस्ताद असते तर चाललं असतं?" मी म्हटलं, "वस्ताद असते तर टेम्पो दारातूनच वळला असता. त्यांचा एक नियम पाळला, एक मोडते. हिशेब मी देईन त्यांना." तोच द्यायला बसलेय.

पोरी मातीत उतरल्या. आधी दारात नुसते बघे. मग दोन्ही गटांचे दोन म्हातारे मल्ल आत आले आणि एकमेकांशी न बोलता एकाच पोरीला पट काढायचा डाव शिकवायला लागले. तिला कसं कळावं कुणाचं ऐकायचं? शेवटी दोघांना एकमेकांशी बोलावंच लागलं. ती पोरगी स्पर्धेत दुसऱ्याच कुस्तीला हरली, पण तालीम फुटली नाही. निकालात मॅटवाला उमेदवार पडला. पुढं घरटी वर्गणी काढली तेव्हा त्यानं आणि निवडून आलेल्यानं रिक्षावाल्याइतकीच दिली, दोघांनीही जरा कुरकुरतच. आता तालमीत मॅट आहे, आणि त्यावर कुणाचंही नाव नाही. संध्याकाळी पोरींचा दंगा ऐकत मी बाकावर बसते, चहा गार होतो तरी लक्षात येत नाही. सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

हे पत्र मी कपाटातच ठेवणार आहे, पेठेत कुणाच्या हाती लागायला नको. कारण मत मी मॅटवाल्याला दिलं, आबा. गादीवर आपटणाऱ्या त्या पोरींसाठी काहीतरी आणावं, हे दोन्ही गटांत मिळून त्या एकालाच सुचलं होतं. बाकी त्याचं काम बरं आहे म्हणून मी मत दिलं, की त्या मॅटमुळं दिलं, हे माझं मलाच अजून सांगता येत नाही.