पदरावरचं नाव

रविवार, संध्याकाळ

आज पहिल्यांदाच इंदिरानगरच्या त्या कन्नड बोलणाऱ्या गटात गेले. घरात विसरण्याचा आजार झालेलं माणूस सांभाळणारे आम्ही दहाबारा जण. दारातच एका मुलीने चिकटवायची चिठ्ठी दिली. वर आपलं नाव लिहायचं, खाली ज्यांना सांभाळतो त्यांचं. मी खाली लिहिलं, 'माझे मिस्टर'. ती हसून कन्नडमध्ये म्हणाली, "सरी अक्का, बरं, पण त्यांना नाव असेल ना?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. उखाण्याखेरीज ते नाव मी कधी घेतलेलं नाही. तरी लिहिलं, आणि ओळख करून देताना मोठ्याने म्हणालेही, "वसंत." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे खूप सांगायचं होतं. नाहीच सांगितलं. कन्नड येतं की मला, मग का नाही?

घरी आले. यांच्याजवळ बसलेल्या शेजारच्या काकू गेल्या. हे खिडकीशी. "अहो, जेवायला चला." चारदा म्हटलं. ढिम्म. चिठ्ठी अजून पदरावरच होती. काय वाटलं कुणास ठाऊक, खालचं नाव वाचून हाक मारली, "वसंत!"

चटकन वळले. "आलो," म्हणाले आणि हात धुऊन ताटावर बसले. इतकं सोपं होतं? मग मला राग कसला आला?

वाढत होते, तर माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "अक्का, तुम्ही नाही बसत?"

बसले. उद्यापासून नावानेच हाक मारीन. ओ देतील. पण मग 'अहो' कुणाला म्हणू?