मुठेलाचा लेप आणि दिवाळसणाची छत्री

रत्नागिरी, चैत्र वद्य पंचमी, शके १८५३

राजमान्य राजश्री बाळाजीराव यांस महिपत मास्तरचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत, गिरणीचा भोंगा आणि शेजारच्या खोलीतली बाजाची पेटी, तिन्ही सुरात असतील अशी आशा करतो. इकडे तुमची बहीण यमुना खुशाल आहे. (टाचांच्या भेगांची कुरकूर करते, पण ती दर उन्हाळ्याचीच.)

माझा रस्ता तुम्हांला ठाऊक आहेच. मिरजोळ्याची शाळा दुपारी सुटते आणि परतीच्या कातळावर झाड म्हणून नाही. टकलाची सालटी निघू लागली, तेव्हा मी स्वतः लेप शोधून काढला : कोकमाच्या बियांचे मुठेल तेल, कोरफडीचा गर आणि आंबेहळद. त्या आनंदात, तुम्ही दिवाळसणाला दिलेली छत्री शेजारच्या गंगारामला देऊन टाकली. वर भाषणही केले, की एवढ्या वनस्पती असता माणसाने कापडाआड का लपावे? (भाषण चांगले झाले.)

पण मुठेल घरात दगडासारखे घट्ट असते, कातळावर नसते. अर्ध्या वाटेत लेप वितळून डोळ्यांत उतरला. मी चाचपडतोय तोच वारा सुटला आणि सगळी तांबडी धूळ डोक्यावर बसली. गल्लीतली पोरे विचारू लागली, मास्तरांनी कौले कधी घातली? पण लेप खरवडला तर खाली कातडी लोण्यासारखी. मला इतका हर्ष झाला की त्याच पावली आणखी एक मडके ढवळायला बसलो. गंगाराम मात्र रोज मागून छत्री उघडून येई आणि म्हणे, "मास्तर, या की अर्ध्यात." नको म्हणताना जीव जाई. परवापासून त्याच्याकडे छत्री दिसत नाही. विकली असावी.

डोळे अजून चुरचुरतात, म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
महिपत

ता. क. धाकू खलाशाबरोबर लेपाचा डबा पाठवला आहे. तुमच्या गोऱ्या साहेबाला लावून पाहावा.

आणखी ता. क. मे महिन्यात याल तेव्हा हुबेहूब तशीच छत्री आणावी, वेताच्या वाकड्या मुठीची. काल वारा नव्हता, सबब धूळ नव्हती, सबब टक्कल भाजले. छत्री दुरुस्तीला टाकलीय असे यमुनेला सांगितले आहे. तिला कळले तर माझी धडगत नाही.

दादा, पाकीट डकवायला माझ्याकडे दिले म्हणून लिहिते. छत्री आणू नको. गंगारामभावजी परवाच परत देऊन गेले, ती माळ्यावर आहे. ह्यांच्या लेपाने माझ्या टाचा कधी नव्हे त्या बऱ्या झाल्या. अजून एक मडके भरू दे, मग काढून देईन. आणि तो डबा साहेबाला देऊ नको, वहिनीला दे. – यमुना