नेतृत्वाची सातवी स्लाइड

साहेब, गेल्या गुरुवारी कंपनीने आम्हा एकवीस इंजिनिअरांना वाशीच्या एका हॉटेलात नेऊन एका दिवसात नेतृत्व शिकवलं. साडेनऊला सुरुवात, पाचला प्रमाणपत्र, मध्ये पनीर. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, म्हणून सुटलात. मला बसावं लागलं, कारण तळोज्याच्या त्याच प्लांटमध्ये आता इन्स्ट्रुमेंट विभागाच्या तुमच्या खुर्चीवर मी आहे, आणि खुर्चीवाल्यांनी पहिल्या रांगेत बसायचं असतं. शिकवणारा तिशीतला होता. गालाला माइक चिकटवलेला, बूट इतके स्वच्छ की या माणसाने प्लांट बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही हे लगेच कळत होतं. प्रत्येक स्लाइडची सुरुवात 'रिसर्च सांगतो' अशी. कोणाचा रिसर्च, कुठे झाला, किती माणसांवर, ती माणसं बॉयलर चालवत होती की विमा विकत होती, याचा पत्ता नाही. मग त्याने आम्हाला वाघ, सिंह, घुबड आणि डॉल्फिन यांतून आपला प्राणी निवडायला लावला. आमचे प्रोजेक्टवाले, ज्यांना सोसायटीच्या मीटिंगला जायलाही बायकोला विचारावं लागतं, ते सिंह निघाले आणि दिवसभर सिंहासारखे बसले.

त्या पोराचा मला राग नाही, त्याचं पोट आहे. कीव आली ती आमच्या लोकांची. तुम्हाला आठवतं ना, साधा प्रेशर गेज आला तरी आपण आधी तो बरोबर मोजतो याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागायचो. तारीख एका दिवसाने उलटलेली असली तरी गेज परत जायचा. आजही जातो. तीच माणसं तिथे माना डोलावत होती, फोटो काढत होती, वहीत उतरवून घेत होती. मी हात वर करून विचारलं, "हे कुठे मोजलंय?" तो गोड हसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार डेटामध्ये अडकता. आज तेच सोडायचंय आपल्याला." सगळे हसले. मी फॉर्मवर अभिप्रायाच्या रकान्यात 'टाकाऊ' असा एकच शब्द लिहिला आणि चहा प्यायला गेले.

पण त्याची सातवी स्लाइड मला सांगायची आहे. तोंडावर चिकटपट्टी लावलेल्या एका बाईचं चित्र, आणि खाली, 'ज्या टीमचा लीडर चुकांना हसतो, त्या टीमच्या चुका वर येत नाहीत.' मी शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याने म्हटलं, "चुका करणारेच ठेवू नका, मग वर यायचा प्रश्नच नाही." एवढ्याने म्हटलं, पण दोन रांगा हसल्या. मागच्या रांगेत माझ्या हाताखालची नवी इंजिनिअर बसली होती. खांदेश्वरहून येते, हुशार आहे, कमी बोलते. तीही हसली. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

तुमच्या वेळी प्राणी नव्हते, पिवळी वायर होती. पॅनलमध्ये कोणी जंपर लावला, म्हणजे एखाद्या यंत्राची सुरक्षा थोड्या वेळापुरती बंद करायला दोन टोकांत वायरचा तुकडा जोडला, की त्याच वायरचा दुसरा तुकडा त्याने स्वतःच्या मनगटाला गुंडाळायचा. जंपर निघाला की मनगटावरची निघायची. गेटवरचे वॉचमन मामा प्रत्येकाचा हात बघायचे. एकदा मला अडवून म्हणाले होते, "बाय, हातात वायर हाय तुज्या. कशी सोरू तुला?" मी तणतणत अर्धा किलोमीटर परत चालत गेले होते.

आणि मग तो शुक्रवार. मी नोकरीत वर्षभराची, संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. हातात पिवळी वायर घेऊन पोहे द्यायला जायचं नव्हतं, म्हणून दुपारीच ती कापून मी पर्समध्ये टाकली, सकाळी लावलेला जंपर ड्युटी सुटताना काढू म्हणून. सुटायच्या वेळी विसरले. मामांनी रिकामा हात बघितला आणि सोडलं. घरी पाहुण्यांसमोर रुमाल काढायला पर्स उघडते, तर वायर. मी तशीच साडीत खाली उतरून वाण्याच्या दुकानातून तुमच्या घरी फोन केला. तुम्ही फक्त पॅनलचा नंबर विचारलात आणि स्कूटर काढलीत. तासाभराने माझ्या घरी येऊन पाहुण्यांदेखत म्हणालात, "काढला." पाहुण्यांना काय वाटलं कोण जाणे, तिथे काही जमलं नाही.

शनिवारी मी राजीनामा लिहूनच आले होते. तुम्ही केबिनमध्ये बसला आहात, समोर डबा उघडा आहे, आणि तुमच्या मनगटावर पिवळी वायर आहे. तुम्ही म्हणता, "काल निघताना तुझ्या पॅनलचं विचारायचं माझं राहिलं. म्हणून आज दिवसभर ही." मग डब्याचं झाकण लावता आणि आवाज न चढवता म्हणता, "जंपर विसरणं ही चूक आहे, ती माझ्याकडूनही होईल. वायर लपवणं ही लबाडी आहे. ती पुन्हा केलीस तर मी तुला ठेवणार नाही." दिवसभर ज्याने ज्याने विचारलं त्याला तुम्ही 'माझं राहिलं' एवढंच सांगितलंत. माझं नाव घेतलं नाहीत.

ती पद्धत मीच बंद केली, साहेब. तुमच्यानंतर चार वर्षांनी. ऑडिटवाल्यांना गावठी वाटली, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटली. आता कॉम्प्युटरवर परमिट असतं. जंपर लावायला माझी सही, काढायलाही माझी सही.

परवा सोमवारी मी दुसऱ्याच कामासाठी एक पॅनल उघडलं आणि आत जंपर सापडला. अ‍ॅसिडच्या टाकीचा. टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो, ते त्या जंपरने बंद पडलं होतं. अकरा दिवस. ऑपरेटर डोळ्यांनी पातळी बघत होता म्हणून कोणी भाजलं नाही. जंपर तिचा होता, त्या खांदेश्वरच्या मुलीचा. मी विचारलं, लक्षात कधी आलं? म्हणाली, "पाचव्या दिवशी, मॅडम." मग का नाही सांगितलंस? तिने जमिनीकडे बघत सांगितलं, "सांगायलाच आले होते. तेव्हा तुमी दुसऱ्या एका इंजिनिअरला सगळ्यांसमोर विचारत होता, डिग्री कुठल्या दुकानातून घेतली म्हणून. सगळे हसत होते. मी परत गेले. काढायचा तर तुमची सही लागते. रोज यायचे मी, दारापर्यंत. आनि त्या ट्रेनिंगला तर..." पुढचं मला पाठ होतं.

म्हणून काही तो माइकवाला मोठा झाला नाही. उलट माझा तिरस्कार वाढलाच. खरी गोष्ट हातात असताना ती वाघ-सिंहांच्या रांगेत उभी करायची, वर 'रिसर्च सांगतो'चं लेबल डकवायचं, आणि इंजिनिअरांनी पुरावा मागितला की गोड हसायचं. त्याने एक पॅनल, एक वायर आणि दारातून परत गेलेलं एक माणूस सांगितलं असतं, तर आम्ही एकवीसच्या एकवीस जण त्याच संध्याकाळी आपापली पॅनलं उघडायला गेलो असतो. मीसुद्धा. निदान मला तसं वाटतं.

त्या मुलीला मी काही बोलले नाही. स्टोअरमधून पिवळी वायर मागवली आणि माझ्या मनगटाला गुंडाळली. दिवसभर वाट बघितली, कोणी तरी विचारेल. कोणी विचारलं नाही. मला कोणी काही विचारत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चार वाजता प्लांट हेडचा फोन आला, जंपर कसा सापडला म्हणून. मी म्हटलं, नेहमीच्या तपासणीत. तिचं नाव घेतलं नाही, ते तुमच्यासारखं झालं. माझंही घेतलं नाही.

आज रजा टाकून कामोठ्याच्या घरी हे लिहिते आहे. लिहून झालं की कागद त्या प्रमाणपत्राखाली ड्रॉवरमध्ये ठेवीन. वायर अजून हातावर आहे. पण सोमवारी सुटताना गेटवर सिक्युरिटीची बाई माझी पर्स तपासत होती, तिची नजर हाताकडे वळली, आणि मी बाही खाली ओढली, साहेब.